कलिंगानंतरचा अशोक: पश्चात्ताप खरा, तर राज्य परत का नाही दिलं?

रानवाट (धागाकर्ता)
युद्ध संपलं की जिंकणारा म्हणतो देवाची कृपा, हरणारा म्हणतो नशीब. महाभारतातला धृतराष्ट्र तर उठता-बसता दैवाच्या नावाने रडतो आणि संजय त्याला सुनावतो, की महाराज, हे तुमचंच केलेलं. अशा गोष्टी ऐकत वाढल्यावर मौर्य सम्राट अशोकाने ठिकठिकाणी खडकांवर कोरवलेल्या १४ शिलालेखांतला तेरावा वाचला की चमकायला होतं.

अभिषेकाला ८ वर्षं झाल्यावर, म्हणजे इ.स.पू. २६१ च्या सुमारास, त्याने कलिंग (आजच्या ओडिशाकडचा मुलूख) जिंकलं. दीड लाख माणसं तिथून उचलून नेली, १ लाख मारली गेली, त्याच्या कित्येक पट पुढे मेली. हे आकडे शत्रूने दिलेले नाहीत, जिंकणाऱ्याने स्वतः दगडावर कोरवून घेतलेत. त्यात दैव नाही, ग्रहमान नाही, 'त्यांनीच आगळीक केली' हेही नाही. उलट म्हणतो, जे धडधाकट वाचले त्यांनाही सोयऱ्याधायऱ्यांच्या हालामुळे दुःख झालंच. तेव्हा मेलेल्यांचा शंभरावा, हजारावा हिस्सा जरी आज मेला तरी मला ते जड जाईल.

सत्तेवर बसलेला माणूस वाईटाचा कर्ता म्हणून स्वतःकडे बोट दाखवतो, याला माझ्या लेखी फार किंमत आहे. तुमचं मत?

तिरकस
जरा गहिवर आवरा. कलिंग परत दिलं का? नाही. कलिंगातल्या तोसली नगरात महामात्र, म्हणजे आपले वरिष्ठ अधिकारी, बसवून कारभार चालूच राहिला.

आता हा तेरावा लेख कुठे कुठे आहे बघा. शाहबाजगढी, मानसेहरा, कालसी, गिरनार, येर्रागुडी. कुठे नाही? धौलीला आणि जौगडला, म्हणजे नेमका कलिंगात! तिथे ११, १२, १३ गाळून दोन वेगळे लेख कोरले, आणि त्यांत 'सगळी माणसं माझी लेकरं' असं लिहिलं. ज्याचं घर जाळलं त्याला वगळून अख्ख्या गावाची माफी मागायची आणि त्याच्या पाठीवरून मात्र नुसता हात फिरवायचा, असला प्रकार.

शिवाय त्याच तेराव्या लेखात रानातल्या लोकांना काय निरोप आहे, ते धागाकर्त्यांनी सोयीने गाळलं. पश्चात्ताप झाला असला तरी देवानांप्रियाच्या (म्हणजे अशोकाच्याच) हातात ताकद आहे, तेव्हा लाज धरा, म्हणजे जिवे जाणार नाही. याला आमच्याकडे दम देणं म्हणतात.

भीमाकाठ
तिरकसराव, गाळण्यावरून एवढा इमला बांधू नका. आमच्या कलबुर्गीकडे सन्नतीला, चंद्रलांबेच्या देवळाच्या आवारात एक शिळा सापडली. कालीच्या मूर्तीखाली बैठक म्हणून बसवलेली होती. तिच्यावर १२ आणि १४ आहेत आणि ते दोन 'कलिंगाचे' लेखही आहेत. सन्नती काही कलिंगात नाही. एक तर सरहद्दीच्या मुलखासाठी मजकुराचा वेगळा संच असेल, नाहीतर तिकडची प्रत इकडे आली असेल.

आणि त्या दोन लेखांत नुसता लाडिक सूर नाही हो. पहिल्यात तोसलीच्या अधिकाऱ्यांचे कान उपटलेत. विनाकारण कोणाला डांबू नका, छळू नका. मत्सर, राग, निष्ठुरपणा, घाई, आळस या गोष्टींनी माणूस न्यायाने वागत नाही. दर ५ वर्षांनी तपासणीला माणूस पाठवीन, उज्जैन आणि तक्षशिलेहून तर ३ वर्षांच्या आतच. मला डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा ही तपासणी जास्त पटते.

तिरकस
सन्नतीचा मुद्दा वजनदार आहे. पण तिथेही १३ नाहीच की! जिथे लोक बिथरतील तिथे कबुली नको, असंही वाचता येतं.

माईसाहेब
युधिष्ठिराला विसरलात सगळे. युद्ध जिंकल्यावर तो वनात निघाला होता. भाऊ, द्रौपदी, व्यास, कृष्ण, सगळ्यांनी आडवं येऊन थांबवला. मग राज्य केलं, अश्वमेधही केला. पाप कळलं म्हणून गादी सोडून जाणं हा स्वतःच्या मनाची खरूज भागवण्याचा मार्ग झाला, त्याने प्रजेचं काय भलं होणार? अशोकाने कलिंग सोडलं असतं तर दुसरा कोणी तलवार घेऊन आलाच असता.

तिरकस
माई, नमस्कार. पण 'मी सोडलं तर दुसरा येईल' हे आजवर प्रत्येक साम्राज्याने म्हटलंय. आणि महाभारतच काढलंत तर गांधारीलाही आठवा. तिने प्रारब्ध म्हणून गिळलं नाही. कृष्णाला तोंडावर सांगितलं, तुझ्या हातात होतं, तू थांबवलं नाहीस. वर शाप दिला. मला या वादात बोलायला गांधारी हवी, युधिष्ठिर नको.

लेणीप्रेमी
नशिबाचा विषय निघालाय म्हणून सांगतो. अभिषेकाच्या १२ व्या वर्षी अशोकाने गयेजवळच्या बराबर टेकड्यांतली लेणी आजीवकांना दिली. (आतल्या भिंती आरशासारख्या घासलेल्या आहेत, बिहारात गेलात तर चुकवू नका.) आजीवक म्हणजे मक्खली गोशालाचे लोक. त्यांचं मत असं, की सगळं नियतीने आधीच ठरलेलं, माणसाच्या करण्याने तसूभर बदलत नाही. म्हणजे 'कलिंग घडायचंच होतं' ही पळवाट तयार होती, तीही जाणत्या साधूंच्या तोंडची. त्याने त्यांना निवारा दिला, पण त्यांचं तत्त्वज्ञान स्वतःच्या बचावाला वापरलं नाही. मला तरी ही गोष्ट त्या आकड्यांहून मोठी वाटते.

गावठी
वाचतोय. अवांतर: आपल्या नालासोपाऱ्यालाही आठव्या आणि नवव्या लेखाचे तुकडे निघालेत, पहिला १८८२ मध्ये. आठवा शिकारीच्या सहली सोडून धर्मयात्रा सुरू केल्याचा आहे. चालू द्या.

रानवाट (धागाकर्ता)
लेणीप्रेमी, नेमकं बोललात. तिरकस, दम आहे हे खरंच, पण तो लपवलेला नाही. खेद आणि दम एकाच लेखात, एकाखाली एक. ढोंगी माणसाने एक ठेवून दुसरं पुसलं असतं. पुढे स्तंभलेखांत तो म्हणतो, की माणूस स्वतःचं चांगलं तेवढं बघतो, 'हे पाप मी केलं' असं काही बघत नाही. फाशीही त्याने बंद केली नाही, फक्त ३ दिवसांची मुदत दिली. म्हणजे संत झालो असा आव नाही. आता कलिंगाचाच नंतरचा राजा खारवेल घ्या. धर्माने जैन, तरी हाथीगुंफेच्या लेखात स्वाऱ्यांमागून स्वाऱ्या, मगधाच्या राजाला पायाशी वाकवल्याची फुशारकी. त्यात मेलेल्यांचा आकडा दाखवा.

तिरकस
नाही दाखवता येणार. पण खारवेलाने पश्चात्तापाचा दावाही केलेला नाही, त्यामुळे त्याच्याकडे मागायचं काय? अशोकाने केलाय, म्हणून त्याच्याकडे मागतो. मेलेले परत येत नाहीत, मान्य. दीड लाख तर जिवंत होते. त्यांना घरी परत धाडल्याची एक ओळ, कुठल्याही लेखातली, दाखवा. मग मीही तुमच्या बाजूने लिहायला बसतो.