कोच सोडून जाणार म्हणतात: खरं कधी मानायचं, आणि पैसे कोण कोणाला देतं?

पालूसचा_वारा

विषय अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा, म्हणजे अंडाकृती चेंडूवाल्या खेळाचा. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाने वर्षभराच्या आत दोन मुख्य कोच गमावले. १८ डिसेंबर २०२४ ला जेक डिकर्ट वेक फॉरेस्टला गेले. त्यांच्या जागी आलेले जिमी रॉजर्स एकच हंगाम टिकले, ५ डिसेंबर २०२५ ला आयोवा स्टेटने त्यांना नेलं. पॅक-१२ या आपसात सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटातून दहा विद्यापीठांनी काढता पाय घेतला, वॉशिंग्टन स्टेट आणि ऑरेगन स्टेट दोघंच मागे राहिले आणि टीव्हीचा पैसा आटला, इथपर्यंत माहीत आहे.

आता विचारायचं ते असं. हात तंग असलेल्या कॉलेजचा कोच गेला, तर कॉलेजचा तोटा होतो की उलट त्यालाच पैसे मिळतात? दरवर्षी ऑक्टोबरपासून "अमुक कोच तमुक ठिकाणी चालला" अशा वावड्या उठतात, त्यातली खरी कशी ओळखायची? आणि करार, हिशेब वगैरे मूळ कागद सामान्य माणसाला वाचायला मिळतात का?

ताळेबंद

आधी एक गोंधळ दूर करू. "बायआउट" हा एकच शब्द दोन उलट दिशांना जाणाऱ्या पैशांसाठी वापरतात. कॉलेजने कोचला मुदतीआधी काढलं तर कॉलेज कोचला देतं तो एक. कोच स्वतःहून दुसरीकडे गेला तर त्याने (प्रत्यक्षात बहुधा नव्या कॉलेजने) जुन्या कॉलेजला द्यायचा तो दुसरा. पहिला आकडा प्रचंड असतो, दुसरा त्याच्या मानाने खूप लहान. बातमीत "बायआउट इतका" एवढंच लिहिलेलं असेल तर ते कोणत्या दिशेचं आहे हे आधी शोधा.

म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर असं: कोच गेला की गरीब कॉलेजच्या तिजोरीत थोडे पैसे येतात. कंबरडं मोडतं ते कोच काढल्यावर.

समजण्यापुरता एक काल्पनिक करार घेऊ. पगार वर्षाला २० लाख डॉलर, चार वर्षं बाकी, काढल्यास उरलेल्या पगाराच्या ६० टक्के. देणं झालं ४८ लाख. तोच कोच स्वतः गेला, तर पहिल्या वर्षात ३० लाख, दुसऱ्यात २० लाख, तिसऱ्यात १० लाख अशी उतरती भाजणी. ही पायरी ज्या तारखेला खाली येते ती तारीख करारात छापलेली असते. नवं कॉलेज घासाघीस करतं ती या तारखेच्या आसपास, म्हणून करार हातात आला की पगाराच्या आधी ती पाहा.

दुसरं कलम त्याहून मोलाचं: काढलेल्या कोचने नवी नोकरी शोधायला हवी का, आणि तिथला पगार जुन्या देण्यातून वजा होतो का? टेक्सास ए अँड एमने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिंबो फिशर यांना काढलं, तेव्हा देणं ७ कोटी ६० लाख डॉलरच्या आसपास होतं आणि वजावटीचं कलमच नव्हतं. सुमारे १ कोटी ९० लाख साठ दिवसांत, मग २०३१ पर्यंत वर्षाला ७२ लाख. ते उद्या कुठेही नोकरीला लागले तरी एक डॉलर कमी होत नाही. याच्या उलट पेन स्टेट. १२ ऑक्टोबर २०२५ ला जेम्स फ्रँकलिन यांना काढलं, देणं सुमारे ४ कोटी ९० लाख. पण त्यांच्या करारात वजावट होती. सुमारे पाच आठवड्यांत ते व्हर्जिनिया टेकला लागले आणि पेन स्टेटचं प्रकरण ९० लाखांवर मिटलं. एका कलमाने चार कोटी वाचले! फ्लोरिडाने त्याच महिन्यात बिली नेपियर यांना काढलं, तिथे सुमारे २ कोटी १० लाख, वजावट नाही, आणि त्यातले अर्धे तीस दिवसांत रोख.

तंगीतल्या कॉलेजसाठी एकूण आकड्यापेक्षा हे "तीस दिवसांत अर्धे" जास्त घातक असतं. हप्ते असतील तर देणगीदारांकडून वर्षावर्षाला उभे करता येतात, तीस दिवसांत कोटीभर डॉलर जमवायचे तर विद्यापीठाकडून उचल घ्यावी लागते. म्हणूनच पैसे नसलेली कॉलेजं हरणाऱ्या कोचलाही आणखी एक हंगाम ठेवतात, आणि "या आठवड्यात काढणार" ही वावडी तिथे बहुतेक वेळा फुसकी निघते.

चौथा_डाऊन

वरचं सगळं मान्य. वावडी ओळखण्याबद्दल लिहितो.

वावडीचं पीक कोणाच्या खळ्यात जातं ते आधी पाहा. पेन स्टेटची जागा १२ ऑक्टोबरला रिकामी झाली. १६ ऑक्टोबरला इंडियानाने कर्ट सिग्नेटी यांना आठ वर्षांचा, सुमारे ९ कोटी ३० लाखांचा नवा करार दिला. महिनाअखेरीस नेब्रास्काने मॅट रूल यांची मुदत वाढवली. दोघांचीही नावं पेन स्टेटसाठी घेतली जात होती. मोठी खुर्ची रिकामी झाली की एजंटला प्रत्येक कोचसाठी पगारवाढ मागायची संधी मिळते, आणि त्यासाठी नाव बातमीत येणं पुरतं. म्हणून ऑक्टोबरमधल्या वावड्यांचा शेवट पुष्कळदा त्याच कॉलेजच्या नव्या करारात होतो.

पण हे श्रीमंत कॉलेजांचं झालं. वॉशिंग्टन स्टेटसारख्या ठिकाणी वाढ द्यायला पैसेच नसतात, त्यामुळे तिथे तीच वावडी खरी ठरण्याची शक्यता कितीतरी जास्त. शिवाय धक्का सरळ येत नाही, साखळीने येतो. पेन स्टेटने ५ डिसेंबरला आयोवा स्टेटचे मॅट कॅम्पबेल घेतले, आयोवा स्टेटने त्याच दिवशी रॉजर्स घेतले, मग वॉशिंग्टन स्टेटने मिझुरीचे कर्बी मूर आणले. पेन्सिल्व्हेनियात ऑक्टोबरमध्ये खुर्ची हलली, वॉशिंग्टन स्टेटच्या पुलमन गावात डिसेंबरात. म्हणून आपल्या कोचचं नाव कुठे येतं यापेक्षा, आपल्याहून एक पायरी वरच्या कॉलेजांचे कोच कुठे चाललेत ते पाहत राहा.

कॅलेंडरही हाताशी ठेवा. नियमित हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या) शनिवारी संपतो, शाळकरी खेळाडूंच्या सह्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होतात. खऱ्या नेमणुका याच फटीत होतात. २०२५ मध्ये लेन किफिन ३० नोव्हेंबरला एलएसयूला (लुइझियाना स्टेटला) गेले, कॅम्पबेल आणि रॉजर्स ५ डिसेंबरला. डिकर्टसारखी १८ डिसेंबरची नेमणूक उशिराची, आणि मागे राहिलेल्यांना जास्त जाचक. सह्या होऊन गेलेल्या आणि बोल गेम (हंगामानंतरचा खास सामना) नऊ दिवसांवर. तो सामना, होलिडे बोल, तात्पुरत्या कोचने खेळवला, सिरॅक्यूजकडून ५२-३५ हार झाली.

खालच्या माणसांची हालचाल मुख्य कोचआधी दिसते. २०२४ च्या डिसेंबरात वॉशिंग्टन स्टेटचे आक्रमणाचे समन्वयक (आक्रमण सांभाळणारे सहायक कोच) बेन आर्बकल ओक्लाहोमाला गेले, मग क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) जॉन मटीर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, उतरला (तोही ओक्लाहोमालाच गेला), आणि मग डिकर्ट. समन्वयक आणि क्वार्टरबॅक दोघंही सुटले की मुख्य कोचला थांबवून ठेवणारं फारसं काही उरत नाही.

विमानांवरून अंदाज बांधणाऱ्यांपासून सावध. खासगी विमानाचा टेल नंबर (शेपटीवरचा नोंदणी क्रमांक) पाहून "कोचला न्यायला आलं" म्हणतात, पण डिसेंबरात त्याच विमानांतून कोच मंडळी खेळाडूंच्या घरी फिरत असतात. पुलमनचा विमानतळ पलीकडच्या मॉस्कोचाही आहे, तिथे आयडाहो विद्यापीठ आहे. आणि ज्याला खरंच लपवायचं असतं तो मालक आपली उड्डाणं सार्वजनिक संकेतस्थळांवर दिसू नयेत अशी सोय आधीच करून ठेवतो.

त्याहून भक्कम खूण म्हणजे विद्यापीठाच्या नियामक मंडळाची तातडीची सभा. वॉशिंग्टन राज्यात विशेष सभेची सूचना किमान चोवीस तास आधी लावावी लागते, विषयपत्रिकेसह. अनेक सार्वजनिक विद्यापीठांत मुख्य कोचच्या करारावर मंडळाची मोहोर लागते, त्यामुळे नेणाऱ्या विद्यापीठाची विषयपत्रिका आपल्याकडच्या कुजबुजीपेक्षा जास्त बोलते.

पालूसचा_वारा

दोघांचे आभार. मग असं धरू का, की दर वेळी कोच गेल्यावर बायआउट मिळतो, म्हणजे कॉलेजचं तसं बरंच चाललंय?

ताळेबंद

नाही. तसं वाटतं, कारण जमेची बाजू एका आकड्यात दिसते आणि खर्चाची बाजू दहा ठिकाणी विखुरलेली असते.

नवा कोचही कुठून तरी सुटून येतो, त्याचा बायआउट तुम्ही भरता. जुन्या सहायकांचे करार चालू असतात. नव्या कोचने त्यांना ठेवलं नाही तर दुसरी नोकरी मिळेपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत पगार तुमच्या डोक्यावर, आणि एकूण दहा-बारा माणसं असतात. शोध घेणाऱ्या संस्थेची फी, घर हलवण्याचा खर्च वेगळा.

आणि सगळ्यात मोठं नुकसान हिशेबात येतच नाही, ते म्हणजे खेळाडू. रॉजर्स पुलमनला आले तेव्हा साउथ डकोटा स्टेटमधले डझनाहून अधिक खेळाडू त्यांच्यामागे आले. ज्या वाटेने आले त्याच वाटेने खेळाडू जातातही. २०२५ च्या जूनमध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी हाऊस खटल्यातली (खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या दाव्यातली) तडजोड मान्य केल्यापासून कॉलेज पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट खेळाडूंना वाटू शकतं. ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नाही. श्रीमंत ती पूर्ण वापरतात, गरीब कॉलेजला जमत नाही. मिळालेला बायआउट अशा बाजारात संघ पुन्हा उभा करायला पुरत नाही.

दप्तरखाना

कागद मिळवण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. अवघड नाही, पण शब्द नेमके हवेत.

सार्वजनिक विद्यापीठ असेल तर राज्याच्या माहिती कायद्याखाली अर्ज करा, बहुतेक ठिकाणी ऑनलाइन फॉर्म असतो. वॉशिंग्टनमध्ये पाच कामकाजाच्या दिवसांत उत्तर यावंच लागतं. कागद, नकार, किंवा अमुक दिवस लागतील असा अंदाज, यांपैकी काहीतरी. नेहमीची चूक म्हणजे नुसता "कोचचा करार" मागणं. नेमणुकीच्या वेळी बहुधा दोन-चार पानी अटींचा मसुदा सही होतो, पूर्ण करार काही महिन्यांनी येतो. तेव्हा अर्जात तिन्ही लिहा: अटींचा मसुदा, मूळ करार, आणि आजवरच्या सर्व दुरुस्त्या. पगारवाढ आणि बायआउटमधला बदल दुरुस्तीतच असतो. कोच गेलेला असेल तर राजीनाम्याचं पत्र आणि नव्या कॉलेजकडे पाठवलेली पैशांची मागणी हेही मागा.

अडतं कुठे? वेक फॉरेस्ट खासगी आहे, त्यामुळे डिकर्ट यांचा तिथला करार मागून मिळणार नाही. ना-नफा संस्था म्हणून कर खात्याकडे जाणाऱ्या ९९० क्रमांकाच्या फॉर्मात सर्वाधिक पगार घेणाऱ्यांची नावं येतात, पण ती वर्ष-दीड वर्ष उशिरा. पेन स्टेट सरकारी पैसा घेत असूनही पेन्सिल्व्हेनियाच्या माहिती कायद्यातून बरीचशी वगळलेली आहे.

हिशेबासाठी एकच कागद मागा: एनसीएएला (कॉलेज खेळांच्या देशपातळीवरच्या संघटनेला) दरवर्षी १५ जानेवारीपर्यंत द्यायचा आर्थिक अहवाल. त्यात तिकीट, देणग्या, प्रसारण हक्क अशा वेगळ्या ओळी असतात आणि काढलेल्या कोचच्या भरपाईला स्वतंत्र ओळ असते. फसगत होते ती जमेच्या बाजूला. "विद्यापीठाची थेट मदत" आणि "विद्यार्थी शुल्क" या दोन्ही ओळी उत्पन्नात मोजल्या जातात, त्यामुळे खाली बेरीज जुळलेली दिसते. खरी तूट हवी असेल तर या दोन ओळी आणि असेल तर सरकारी मदत उत्पन्नातून काढून टाका, मग खर्चाशी ताडून पाहा.

विद्यार्थी शुल्काची ओळ मराठी घरांनीही पाहावी, कारण अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलांच्या फीतही काही विद्यापीठांत ती असते, त्यांनी एकही सामना पाहिला नाही तरी. व्हर्जिनियातल्या जेम्स मॅडिसनमध्ये हे शुल्क वर्षाला दोन हजार डॉलरहून जास्त आहे. त्याच कॉलेजमधून सिग्नेटी २०२३ च्या अखेरीस इंडियानाला गेले आणि दोन वर्षांनी त्यांच्या जागी आलेले बॉब चेस्नी यूसीएलएला. प्रवेश घेण्याआधी अनिवार्य शुल्काचा तपशील मागा आणि "इंटरकॉलेजिएट अ‍ॅथलेटिक्स" या नावाची ओळ शोधा.

चौथा_डाऊन

एक भर. "कारण दाखवून काढणार, म्हणजे काहीच द्यावं लागणार नाही" अशी वावडी तंगीतल्या कॉलेजभोवती हमखास उठते. ती क्वचितच खरी होते. वॉशिंग्टन स्टेटने निक रोलोविच यांना ऑक्टोबर २०२१ मध्ये लशीची सक्ती न पाळल्याबद्दल असं काढलं आणि जानेवारी २०२५ मध्ये संघीय न्यायालयात निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला. पण तिथे राज्यपालांचा लेखी आदेश आणि ठरलेली तारीख होती. नुसत्या पराभवांना कारण म्हणता येत नाही. एलएसयूने ब्रायन केली यांना ऑक्टोबर २०२५ मध्ये काढल्यावर देण्यावरून वाद झाला, केली कोर्टात गेले, आणि नोव्हेंबर संपायच्या आत विद्यापीठाने सुमारे ५ कोटी ४० लाखांचं पूर्ण देणं मान्य केलं. करारात "कारण" या शब्दाची व्याख्या अर्ध्या-पाऊण पानाची असते. वावडीतला आरोप तिच्यातल्या एखाद्या उपकलमात शब्दशः बसत नसेल, तर कॉलेजला पैसे भरावे लागतील असंच धरून चाला.