खालचे दात एकावर एक चढलेत, तारेऐवजी अलाइनर घेऊ का?

वर्गशिक्षिका_नाशिक:
नमस्कार. वय ३६, शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. खालचे पुढचे दात दाटीवाटीने आलेत, एक तर पार आत वळलाय. लहानपणी तार बसवायचं राहून गेलं. आता तिथे कीटण साचतं, ब्रश करताना हिरडीतून रक्त येतं. एक कंपनी घरी माणूस पाठवून स्कॅन करते आणि महिन्याच्या हप्त्यावर अलाइनर, म्हणजे दातांवर बसवायचे पारदर्शक ट्रे, देते. आमचे दातांचे डॉक्टर मात्र म्हणतात, आधी ऑर्थोडॉन्टिस्टला (दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवा. या वयात दात सरकतात का? दिवसभर बोलायचं असतं, ते जमेल का? आणि चहाचं काय? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा प्लीज.

काउंटर_नं_३_सांगली:
ताई, माझे ट्रे गेल्या वर्षी संपले, आता रिटेनर (सरळ झालेले दात पुन्हा हलू नयेत म्हणून घालायचा ट्रे) लावते. बँकेत काउंटरला बसते, त्यामुळे बोलणं तुमच्याइतकंच.

वयाची काळजी नको. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ पडदा असतो. हलका दाब सतत राहिला की दाबाच्या बाजूचं हाड झिजतं आणि मागच्या बाजूला नवं भरतं. मोठेपणीही हे होतं. पण हिरड्या निरोगी हव्यात. तुम्ही रक्त येतं म्हणालात, मला तीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. पायोरियाने हाड खाली गेलं असेल तर दात सरकवायच्या आधी त्याचे उपचार व्हायला हवेत. घरी होणाऱ्या स्कॅनमध्ये दात-हिरड्यांचा वरवरचा आकार येतो; मुळं आणि हाड बघायला एक्स-रेच लागतो. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांचं ऐका, अगदी मनापासून सांगते.

आता रोजचं. एक ट्रे दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतो. डॉक्टर सांगतील तसा आठवड्याने किंवा पंधरा दिवसांनी पुढचा लावायचा. दिवसाचे २० ते २२ तास तो तोंडात हवा, म्हणजे चहा, नाश्ता, जेवण सगळं उरलेल्या वेळात. ट्रे घालून फक्त साधं पाणी प्यायचं. गरम चहाने प्लास्टिकचा आकार बिघडतो आणि साखर दाताला चिकटून आत अडकून राहते. मी अकराचा चहा सोडला आणि दुपारचा डब्याला जोडून घेतला. घरी सासूबाई दर पाहुण्याबरोबर कप पुढे करायच्या, त्यांना एकदा नीट समजावलं, मग त्याच राखण करू लागल्या.

काही दातांवर दाताच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवतात, ट्रेला पकड मिळावी म्हणून. हळदीच्या भाजीने ते पिवळसर पडतात, जेवल्यावर लगेच ब्रश करा. ट्रे काढताना पुढून ओढू नका. शेवटच्या दाढेच्या आतल्या बाजूला नख घालून एक बाजू सोडवायची, मग दुसरी, तेव्हा पुढचा भाग आपोआप निघतो. नवा ट्रे पहिल्या संध्याकाळी आवळतो, म्हणून मी तो रात्री झोपतानाच लावायचे. आणि पर्समध्ये डबी हवीच. लग्नाच्या जेवणात टिश्यूत गुंडाळलेला ट्रे पत्रावळीबरोबर उचलला जातो.

बोलताना सुरुवातीला ‘स’ आणि ‘श’ बोबडे येतात. उद्याचा धडा घरी मोठ्याने वाचा, जीभ लवकर सरावते.

डॉ_दंतवैद्य_अकोला:
वरच्या ताईंनी नेमकं लिहिलंय. मी ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस आहे, थोडी भर घालते. दाटी कमी असेल तर दातांच्या मधे बारीक पट्टी फिरवून मिलिमीटरचा काही दशांश भाग इनॅमल (दाताचं वरचं कठीण आवरण) घासतो, तेवढ्यानेही जागा होते. भूल लागत नाही. पण सुळ्यासारखा गोल दात खूप फिरलेला असेल किंवा दात उभा ओढायचा असेल तर तारेचं काम जास्त भरवशाचं, आणि ते आपला डॉक्टर स्पष्ट सांगतो का ते बघा. अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही घरपोच अलाइनर देणारी मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि कितीतरी लोकांचे उपचार अर्ध्यावर राहिले. शहरात समोर बसून तपासणारा डॉक्टर असणं म्हणूनच मोलाचं.

वर्गशिक्षिका_नाशिक:
खूप आभार दोघींचे. घरचं स्कॅन रद्द केलं, शनिवारी ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढायला जातेय. पैशांबद्दल काय विचारू?

काउंटर_नं_३_सांगली:
ठरलेले ट्रे संपल्यावर एखादा दात हट्टाने मागे राहिला तर नवं स्कॅन करून जादा ट्रे करावे लागतात. ते सांगितलेल्या रकमेत आहेत का, हे लेखी घ्या. रिटेनरचेही विचारा. खालचे पुढचे दात वयानुसार तसेही दाटतात, त्यामुळे रात्रीचा रिटेनर कायमचा असतो आणि तो झिजला की नवा करावा लागतो. काही डॉक्टर खालच्या दातांच्या मागे बारीक तार चिकटवून देतात, तुमच्या बाबतीत ती चालेल का तेही शनिवारी विचारून घ्या. मात्र त्या तारेखालचं कीटण रोज काढावं लागतं, म्हणून हिरडीचं काय म्हणतात ते आधी ऐका.