मदत हवी आहे: घरच्या छोट्या सर्व्हरसाठी राऊटर कोणता घ्यावा आणि सेटिंग कसं करावं (सांगली, लोकल फायबर)

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, म्हणजे उत्तर देणाऱ्याला परत परत विचारत बसायला नको.

मी सांगलीत विश्रामबागला राहतो. आमची द्राक्षबाग तासगाव तालुक्यात आहे, ती चुलतभाऊ बघतो. बागेत मी एक हवामान स्टेशन बसवलंय: ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेलं छोटं कंट्रोलर), तापमान आणि आर्द्रतेचा सेन्सर, पाऊस मोजायची टिपिंग बकेट आणि पान किती वेळ ओलं राहिलं ते सांगणारा लीफ वेटनेस सेन्सर. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला किंवा दहिवर पडलं की डावणी रोगाची (बुरशीचा रोग) भीती असते, आणि फवारणी आज घ्यायची की उद्यावर टाकायची हे पान किती तास ओलं होतं यावर बरंच ठरतं, म्हणून भावाला हा आकडा मोबाईलवर लगेच दिसला पाहिजे. शेजारच्या बागवाल्यांनाही तो बघायचाय.

हा सगळा डेटा माझ्या घरी रास्पबेरी पाय ४ (छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसतं 'पाय' म्हणतो) वर येतो. त्यावर मॉस्किटो (सेन्सरचे संदेश घेणारा), इन्फ्लक्सडीबी (डेटा साठवणारा) आणि ग्राफाना (आलेख दाखवणारा) चालवतो, एसएसडी लावलाय. तयार क्लाउडवर टाकायचं माझ्या मनात नाही, कारण चार-पाच हंगामांचा डेटा आपल्याजवळ साठला तरच त्यातून आपल्या बागेचं काही कळणार, आणि उद्या कुठली फुकट सेवा बंद झाली तर तो हातचा जायला नको. घरातल्या घरात सगळं मस्त चालतं, बाहेरून आत यायचं म्हटलं की अडतं.

कनेक्शन लोकल केबलवाल्याचं फायबर आहे, १०० एमबीपीएस. त्याने बसवलेला ओएनटीच (फायबरचा डबा) वायफाय पण देतो आणि पीपीपीओईचं (नेट जोडायचं) लॉगिन पण त्यातच भरलेलं आहे. ओएनटीच्या स्टेटस पानावर वॅन (बाहेरच्या बाजूचा) आयपी १००.७२ ने सुरू होतो आणि बाहेरच्या साईटवर 'माझा आयपी' बघितला तर भलताच नंबर येतो, म्हणजे हे सरळ सीजीनॅट (एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटणं) आहे. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते कंपन्यांच्या याच कामासाठी २०१२ साली राखून ठेवलेत, हे मला माहितीये. त्यामुळे मी माझ्या बाजूला कितीही पोर्ट फॉरवर्ड केले (बाहेरून आलेली मागणी आतल्या मशीनकडे वळवली) तरी बाहेरचा माणूस माझ्यापर्यंत येणारच नाही. डकडीएनएस (बदलत्या आयपीला कायमचं नाव देणारी सेवा) लावूनही उपयोग नाही, कारण तो पत्ता माझ्या एकट्याचा नाहीच. आयपीव्ही६ (नव्या प्रकारचा आयपी पत्ता) या कनेक्शनवर येत नाही.

आता मूळ प्रश्न. बजेट राऊटरसाठी पाच-सहा हजार. डोक्यात तीन पर्याय आहेत.

एक म्हणजे ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरवर बसवायचं मोफत फर्मवेअर) चालेल असा साधा वायफाय राऊटर. शाओमी ४ए गिगाबिट किंवा टीपी-लिंकचा आर्चर सी६ यांची नावं सारखी वाचतो, पण यात मला भीती वाटते ती व्हर्जनची. बॉक्सवर नाव तेच, मागच्या स्टिकरवर व्हर्जन बदललं की आतली चिप वेगळी, आणि मग फर्मवेअर बसतच नाही. इथल्या दुकानदाराला व्हर्जन विचारलं तर तो म्हणतो सगळं सेमच असतं, आणि ऑनलाईन मागवलं तर कुठलं येईल याची खात्री नाही. निदान १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम पाहिजे आणि ब्रॉडकॉम चिप नको, एवढं मी पक्कं धरलंय. पण घेण्याआधी खात्री कशी करता तुम्ही लोक?

दुसरा मायक्रोटिकचा हेक्स, आरबी७५०जीआर३. पाच गिगाबिट पोर्ट, २५६ एमबी रॅम, वायफाय नाही. वायफायसाठी घरातला जुना राऊटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावता येईल. राऊटरओएस (मायक्रोटिकची स्वतःची प्रणाली) शिकायला वेळ लागतो म्हणतात, माझी शिकायची तयारी आहे.

तिसरा म्हणजे राऊटर घ्यायचाच नाही, बाहेर एक स्वस्त व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घ्यायचा आणि पायवरून त्याला वायरगार्डचा (व्हीपीएनचा) टनेल काढायचा. ग्राफाना तसं दिसेल, पण स्टेशन एमक्यूटीटीने (सेन्सरचे छोटे संदेश पाठवायची पद्धत) ८८८३ पोर्टवर डेटा पाठवतं, तो पण त्याच वाटेने नीट येईल का? आणि महिन्याचा खर्च चालू राहतो तो वेगळाच.

आणखी एक. सर्व्हर बाहेरून उघडा केला तर तो घरच्या नेटवर्कपासून वेगळा ठेवायचाय. त्याच वायफायवर वडिलांचा कॉम्प्युटर आहे, त्यात त्यांची बँकेची कामं चालतात. उद्या कोणी पायमध्ये शिरलं तरी पुढे जाता येऊ नये. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, राऊटर पण त्यासाठीच घ्यायचाय. ओएनटीमध्ये गेस्ट वायफाय आहे, पण लॅन पोर्ट वेगळा करायची सोय दिसत नाही.

ज्यांनी असं घरी चालवलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

दादा, मी साताऱ्यात असाच सर्व्हर चालवतो, कनेक्शन पण लोकलच आहे. राऊटरचं नंतर बघू, आधी केबलवाल्याला दोन गोष्टी विचारा. स्टॅटिक (न बदलणारा, तुमचा एकट्याचा) आयपी देतो का आणि ओएनटी ब्रिज मोडला टाकून देतो का, म्हणजे लॉगिन तुमच्या राऊटरवर येईल. नुसता स्टॅटिक घेतला आणि ब्रिज नाही केलं तर तो पत्ता ओएनटीवरच येतो, मग तुमचा राऊटर त्याच्या मागे आणि पोर्ट दोन ठिकाणी फॉरवर्ड करत बसायचं. ब्रिज झालं की पीपीपीओईचं युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी (लाईनवरचा नेटवर्क क्रमांक) लिहून घ्या, आणि त्यांनी मॅक (उपकरणाचा हार्डवेअर पत्ता) बांधून ठेवलाय का तेही विचारा. असेल तर ओएनटीचा मॅक नव्या राऊटरवर क्लोन करावा लागेल. पीपीपीओईवर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४९२ ठेवा, नाहीतर काही साईट अर्धवट उघडतात आणि दोष कुठे आहे ते कळत नाही.

तुमच्या कामाला मी हेक्सच सांगेन. त्याचं पाचवं पोर्ट ब्रिजमधून काढा, त्याला वेगळा सबनेट (पत्त्यांचा वेगळा गट) द्या, पाय फक्त तिथे लावा आणि फायरवॉलमध्ये त्या सबनेटकडून घरच्या लॅनकडे जाणारं सगळं ड्रॉप करा. उलट बाजूने, म्हणजे लॅनकडून पायकडे, चालू द्या. ओपनडब्ल्यूआरटीवर पण हे होतं, पण तुम्हाला व्हर्जनची धास्ती असेल तर त्या फंदात पडू नका. ज्यांना पडायचंय त्यांनी प्रकल्पाच्या हार्डवेअर टेबलमध्ये आपलं व्हर्जन आधी शोधावं आणि स्टिकरचा फोटो मागितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

बाहेरून फक्त ४४३ आणि ८८८३ उघडा. २२ (एसएसएच, दुरून लॉगिनचं पोर्ट) अजिबात उघडू नका, स्वतःला आत यायला हेक्सवरच वायरगार्ड लावा, राऊटरओएस ७ मध्ये तो आहे. यूपीएनपी (आपोआप पोर्ट उघडणारी सोय) चालू असेल तर बंद करा. सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं (मोफत मिळतं) डीएनएस पद्धतीने काढा, म्हणजे ८० पोर्ट बंद असला तरी चालतं. आणि घरच्या वायफायवरून डोमेन नाव उघडणार नाही, ते हेअरपिन नॅट (बाहेरच्या पत्त्यावर गेलेली आतली मागणी परत आत वळवणं) नसल्यामुळे. घाबरू नका, हेक्सच्या डीएनएसमध्ये त्या नावाला पायचा आतला पत्ता देऊन टाका.

स्टॅटिक देत नसतील तर व्हीपीएसच. डेटा तुमच्या घरीच राहतो, व्हीपीएस नुसता दरवाजा. ८८८३ पण जातो, तिथे डीनॅटचा (आलेलं पोर्ट पुढे वळवायचा) एक नियम टाकायचा, आणि पायच्या बाजूला वायरगार्डचं पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ (दर २५ सेकंदांनी एक पॅकेट) ठेवायचं म्हणजे सीजीनॅट वाट बंद करत नाही. मात्र पाय वेगळ्या पोर्टवर ठेवायचं ते तेव्हाही करा, टनेल असला तरी आत येणारा माणूस पायवरच उतरतो.

मूळ लेखक

खूप आभार. केबलवाल्याला फोन केला, स्टॅटिक आयपी वर्षाच्या पैशांवर मिळतो म्हणाला आणि ब्रिज करायला माणूस पाठवतोय. मॅकचं विचारल्यावर "आमच्याकडून रिसेट करून देऊ" म्हणाला, त्यामुळे क्लोन लागणार नाही असं दिसतंय. हेक्स मागवतो.

एकच राहिलं. इकडे वळीव आला की लाईट जाते, म्हणून ओएनटी आणि हेक्स दोन्ही एका मिनी यूपीएसवर ठेवायचेत. ओएनटी १२ व्होल्टचा आहे. हेक्सला ८ ते ३० व्होल्ट चालतात असं स्पेसिफिकेशनमध्ये दिसतंय, म्हणजे त्यालाही यूपीएसचे १२ व्होल्ट सरळ देता येतील ना? दोन्ही मिळून किती अँपिअरचा यूपीएस घेऊ, कोणी वापरत असेल तर सांगा.