चार बेच्या नॅसवर डेबियन टाकताना मशीन मध्येच रीस्टार्ट होतं

नॅस_नवखा
चार डिस्क बसणारा नॅस (नेटवर्कवरचा स्टोरेज बॉक्स) आहे: इंटेल एन१०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १९ व्होल्ट ९० वॉटचा अडॅप्टर. कंपनीची ओएस काढून डेबियन १२ (लिनक्स) टाकायचंय. इन्स्टॉलर नीट सुरू होतो, पण पार्टिशनपर्यंत पोचेपोचेतो स्क्रीन काळी आणि थेट बायोसचा लोगो. एरर काही नाही. पेनड्राइव्ह बदलला, चेकसम जुळतोय. रॅम गेली की अडॅप्टर?

टर्मिनलवाला
दोन्हींवर पैसे घालायच्या आधी घड्याळ लावा. चारही डिस्क काढा, इन्स्टॉलर भाषा निवडायच्या स्क्रीनवर आणा आणि कीबोर्डला हात लावू नका. नुसतं बसलेलं मशीन तीनदा तेवढ्याच सेकंदांनी उडालं, तर हा हार्डवेअर वॉचडॉग, म्हणजे मशीन अडकलंय असं वाटलं की ते रीस्टार्ट करणारी चिप.

मूळ ओएस या चिपला ठरावीक वेळाने ‘चालू आहे’ असं कळवत राहते. इन्स्टॉलर कळवत नाही. मोजणी संपली की चिप सरळ रीसेट मारते, म्हणून लॉगमध्येही काही सापडत नाही. कर्नल पॅनिक (लिनक्सचा गाभाच कोसळणं) असता तर डीफॉल्ट सेटिंगमध्ये मशीन तिथेच अडकून पडलं असतं, रीस्टार्ट झालं नसतं.

बायोसमध्ये ॲडव्हान्स्डखाली वॉचडॉग शोधा आणि डिसेबल करा.

बूटलोडर
यूईएफआयचाही (म्हणजे नव्या पद्धतीच्या बायोसचा) ५ मिनिटांचा वॉचडॉग असतो. हा तोच तर नसेल?

टर्मिनलवाला
नाही. तो ग्रबच (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) बंद करतो, आणि कर्नलने ताबा घेतला की तसाही संपतो. इथे इन्स्टॉलर चालू असताना उडतंय.

ओहमचा_नियम
अडॅप्टरचा हिशोब: ३.५ इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर खेचते. चार डिस्क म्हणजे ९६ वॉट, तुमचा अडॅप्टर ९०चा. पण हा झटका पॉवर दिल्यावरच्या पहिल्या काही सेकंदांतला. डिस्क लावल्यावरच आणि कधीही, वेळकाळ न बघता उडत असेल तर अडॅप्टरवर संशय घ्या.

आणि वॉचडॉग चालू ठेवून मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावू नका. तोही अर्ध्यात उडतो आणि चांगल्या रॅमवर बिल फाटतं.

नॅस_नवखा
डिस्क काढून तिन्ही वेळा १८० सेकंद, एखाद्या सेकंदाचा फरक. पण बायोसमध्ये वॉचडॉगचा पर्यायच नाही!

टर्मिनलवाला
मग इन्स्टॉल दुसऱ्या पीसीवर करा. नॅसमधली एनव्हीएमई एसएसडी तिथे लावा, त्या पीसीच्या स्वतःच्या डिस्क काढून ठेवा आणि एक्स्पर्ट इन्स्टॉल निवडा. ग्रब ‘रिमूव्हेबल मीडिया’च्या मार्गावरही टाकायचा का, असं तो विचारेल, हो म्हणा. नाहीतर बूटची नोंद त्या पीसीच्या बायोसमध्येच राहते आणि नॅसला डिस्क दिसूनही बूट सापडत नाही.

डिस्क परत हलवण्याआधी दोन कामं. एक, सिस्टमडीच्या (डेबियनमधल्या सेवा सुरू करून सांभाळणारा प्रोग्राम) ‘सिस्टम.कॉन्फ’मध्ये ‘रनटाइमवॉचडॉगसेक’ला ६० सेकंद द्या, म्हणजे डेबियनच चिपला ‘चालू आहे’ असं कळवत राहील. दोन, वॉचडॉगचं मॉड्यूल (ड्रायव्हर) बूटला लोड होईल असं ‘मॉड्यूल्स-लोड.डी’मध्ये लिहा. बोर्डावर आयटीईची सुपर आयओ चिप असेल तर आयटी८७_डब्ल्यूडीटी, वॉचडॉग इंटेलच्या चिपसेटमधला असेल तर आयटीसीओ_डब्ल्यूडीटी. एका वेळी एकच. चुकीचं पडलं तर पुन्हा १८०ला उडेल, तेव्हा दुसरं लावून बघा.

नॅसवर लॅन कार्डाचं नाव बदललेलं असणार. ‘इंटरफेसेस’ फाइलमध्ये जुनंच नाव राहिलं तर एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन) लागणार नाही आणि मशीन पुन्हा उडालं असं वाटेल. पहिल्या बूटला एचडीएमआय आणि कीबोर्ड जोडलेला ठेवा.