डेप्युटी कमिशनर : इथं ‘उप’ लावू नये

बेळगावात डीसी, म्हणजे डेप्युटी कमिशनर, यांचं ऑफिस कुठं म्हणून विचारलं तर शाळकरी पोरही दाखवील. पण त्याच डीसींना मराठीत निवेदन लिहायला बसलं की मायन्यात ‘माननीय उपायुक्त साहेब’ असं पडतं. मला हे फार खटकतं. जिल्ह्याच्या महसुली कारभाराच्या प्रमुखाला आपण ‘उप’ करून टाकतो. असं निवेदन वाचून महाराष्ट्रातल्या चंदगडच्या एका पाहुण्यांनी विचारलं, “मग मुख्य साहेबांनाच का देत नाही?” त्यांच्याकडं उपायुक्त म्हणजे आयुक्तांच्या हाताखालचा अधिकारी. शंका रास्तच होती.

‘डेप्युटी’चं मूळ लॅटिन ‘देपुतारे’, म्हणजे नेमून देणं. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तो ‘दुसऱ्याच्या वतीनं काम पाहायला नेमलेला’ या अर्थानं. फ्रान्सच्या संसदेतल्या लोकप्रतिनिधींना आजही ‘देप्युते’च म्हणतात, आणि ते कुणाचे उप नव्हेत. आपल्या कचेऱ्यांतलं ‘डेप्युटेशन’ याच कुळातलं. त्याला मराठीनं ‘प्रतिनियुक्ती’ हा किती नेमका शब्द दिलाय! दुय्यमपणा हा ‘डेप्युटी’चा एक अर्थ आहे, एकमेव नाही.

हे पदनाम आपल्याकडं आलं कसं? मुंबई इलाख्यात बेळगावला कलेक्टरच होता. म्हैसूर संस्थान मात्र 1831 ते 1881 इंग्रज कमिशनरांच्या ताब्यात होतं. कमिशनरच्या वतीनं जिल्हा सांभाळणारा तो डेप्युटी कमिशनर. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) घातलं गेलं आणि ते नाव इथं लागू झालं. पंजाबात, आणि मध्य प्रांतामुळं नागपूरकडंही, जिल्ह्याचा साहेब डेप्युटी कमिशनरच असे. कलेक्टर काय नि डीसी काय, काम तेच.

म्हणून लिहिताना सरळ ‘जिल्हाधिकारी’ लिहावं. कन्नडमध्येसुद्धा ‘जिल्लाधिकारी’च म्हणतात. तसंच चिकोडीचे एसी (असिस्टंट कमिशनर) म्हणजे ‘सहायक आयुक्त’ असं शब्दशः लिहिलं तर सीमेपलीकडच्या कागलचा माणूस गोंधळेल. ‘प्रांताधिकारी’ म्हटलं की त्याला लगेच उमगतं. ‘उपायुक्त’ हा शब्द पोलीस आणि महापालिका उपायुक्तांसाठी राखून ठेवावा, तिथं तो बरोबरच आहे. बोलताना ‘डीसी साहेब’ खुशाल म्हणा, त्यात काही बिघडत नाही. निवेदनाचा मायना आणि बातमीचा मथळा तेवढा जपा, कारण ते सीमेपलीकडंही वाचलं जातं.