नवा संगणक घेण्याआधी अडतंय कुठं ते मोजा

कृष्णाकाठ, सांगली

आमच्या गावभागातल्या वाचनालयाची व्याख्यानमाला आम्ही यूट्यूबवरून थेट दाखवतो. जिना चढणं जमत नाही असे जुने सभासद घरी बसून ऐकतात, नोकरीसाठी पुण्याला गेलेली मुलं तिकडून बघतात. संगणक जुना आहे: इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, म्हणजे 2011 च्या सुमाराचा, 4 जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क. या हंगामात चित्र सारखं अडखळतंय. दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, "यात काही राम नाही, नवा घ्या." कार्यकारिणीतही आता तोच सूर आहे. नव्या यंत्राचे पैसे पुस्तक खरेदीतून जाणार आहेत, म्हणून हा धागा काढलाय. माझं म्हणणं स्पष्ट आहे. अडखळण्याचं कारण मोजल्याशिवाय एक रुपयाही खर्च होऊ नये.

मोजायचं साधन फुकट आहे. ओबीएसच्या, म्हणजे आम्ही प्रक्षेपणाला वापरतो त्या सॉफ्टवेअरच्या, व्ह्यू मेन्यूत स्टॅट्स नावाची खिडकी आहे. तिथं वाया गेलेल्या फ्रेम तीन वेगवेगळ्या ओळींत मोजल्या जातात. एक ओळ रेंडरिंगची, म्हणजे चित्र रचण्याची: ग्राफिक्सवर ताण आला की ती वाढते. दुसरी एन्कोडिंगची, म्हणजे चित्र दाबून लहान करण्याची: ती वाढली तर प्रोसेसर मागं पडतोय. तिसरी नेटवर्कची. तिचा संगणकाच्या वयाशी काहीही संबंध नाही. प्रेक्षकालाही हा फरक जाणवतो. आवाज सलग येतोय पण वक्त्याचे हात झटक्या-झटक्यानं हलतायत, तर बहुधा एन्कोडिंग. आवाज आणि चित्र दोन्ही थांबून गोल फिरत राहिलं, तर आधी इंटरनेटची लाईन तपासा.

आता प्रोसेसरचं. 1920 बाय 1080 चं चित्र म्हणजे प्रत्येक फ्रेमला 20 लाख 73 हजार ठिपके. 1280 बाय 720 ला 9 लाख 21 हजार, म्हणजे निम्म्याहूनही कमी. सेकंदाला 60 ऐवजी 30 फ्रेम केल्या की काम पुन्हा निम्मं. टेबलामागं बसून बोलणाऱ्या माणसाला याहून जास्त लागत नाही. मात्र नुसतं आउटपुट 720 करून भागत नाही. कॅनव्हास, म्हणजे ओबीएस चित्र रचतं ती चौकट, 1080 वरच राहिला तर प्रत्येक फ्रेम आधी मोठी रचायची आणि मग लहान करायची, हा उद्योग ग्राफिक्सच्या डोक्यावर राहतो. कॅमेरा, कॅनव्हास आणि आउटपुट तिन्ही 720 वर आणा. एक्स-264, म्हणजे प्रोसेसरवर चालणारा एन्कोडर, त्याचा प्रीसेट (वेगाची तयार सेटिंग) व्हेरीफास्टवरून सुपरफास्टवर न्या. चित्र थोडं मऊ होतं, पण प्रोसेसर मोकळा श्वास घेतो. दुसऱ्या पिढीपासून इंटेलच्या चिपमध्ये क्विक सिंक हा वेगळा एन्कोडर आहे. ओबीएसच्या यादीत तो दिसत असेल तर तोही करून बघावा. वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असलं की बायॉसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, आतलं ग्राफिक्स बऱ्याचदा बंद असतं आणि मग तो पर्याय यादीत येतच नाही.

हे सगळं न बघता "जुनं झालं" म्हणणं मला मान्य नाही.

हरिपूरकर

कृष्णाकाठ, तुमची तळमळ कळते, पण मी उलट बाजूचा आहे. तुम्ही फक्त फ्रेम मोजताय. विंडोज 10 चा आधार, म्हणजे नेहमीचे सुरक्षेचे अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची चिप लागते, शिवाय टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय. तुमच्या आय-थ्रीला तो रस्ता अधिकृतपणे बंद आहे. त्याच संगणकावर वाचनालयाच्या यूट्यूब खात्याचं लॉगिन आहे, आणि माझा अंदाज खरा असेल तर सभासदांची नोंदवहीसुद्धा. ते खातं गेलं तर जुन्या व्याख्यानांची सगळी चित्रणं गेली. सुपरफास्ट प्रीसेट त्याला काय करणार?

दुसरं, स्वयंसेवकांचा वेळ. नोकरी करून संध्याकाळी येणारी मुलं कार्यक्रमाआधी तासन् तास सेटिंग करत बसतात आणि प्रत्यक्ष व्याख्यानाच्या वेळी दमलेली असतात. त्यांच्या वेळेची किंमत हिशेबात धरत नाही, म्हणून जुनं यंत्र स्वस्त वाटतं. आणि मुंबईहून आलेल्या वक्त्याला "मघाचा मुद्दा परत सांगा, इकडं अडकलं होतं" असं म्हणता येत नाही. थेट कार्यक्रमाला दुसरी संधी नसते.

क्विक सिंकबद्दलही एक सांगतो. इतक्या जुन्या पिढीतल्या क्विक सिंकचं चित्र कमी बिटरेटला, म्हणजे सेकंदाला कमी डेटा पाठवताना, एक्स-264 पेक्षा फिकं पडतं. गडद पडद्यापुढं बसलेल्या वक्त्यामागं चौकोन दिसायला लागतात.

वायरमन_विश्रामबाग

दोघांच्या वादात एक गोष्ट सुटली. कॅमेरा संगणकाला जोडलाय कशानं? स्वस्तातलं यूएसबी 2.0 चं कॅप्चर कार्ड (कॅमेऱ्याचं चित्र संगणकात आणणारं) असेल तर दोष बहुतेक तिथं सापडेल. न दाबलेलं 720 चं चित्र, सेकंदाला 30 फ्रेम, म्हणजे सेकंदाला साधारण 440 मेगाबिट. यूएसबी 2.0 ची कागदावरची क्षमता 480 आणि प्रत्यक्षात मिळते त्याहून बरीच कमी. म्हणून ही कार्डं चित्र एमजेपेग पद्धतीनं दाबून पाठवतात. मग बिचारा प्रोसेसर आधी ते उलगडणार आणि नंतर प्रक्षेपणाच्या एच-264 पद्धतीत परत दाबणार. एकाच चित्रावर दुप्पट मेहनत. त्यावर वेबकॅम आणि माउस त्याच हबवर खोचलेले.

आणखी एक हमखास सापडणारी गोष्ट. "नीट दिसतंय ना?" म्हणून त्याच संगणकावर यूट्यूब उघडून ठेवतात. यूट्यूब बऱ्याचदा व्हीपी-9 या पद्धतीनं दाबलेला व्हिडिओ देतं. दुसऱ्या पिढीच्या चिपमध्ये तो उलगडायची सोय नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. म्हणजे तपासणीमुळंच प्रक्षेपण अडतं. तपासायचं तर कुणाच्या तरी मोबाईलवर बघा, तेसुद्धा वाचनालयाच्या वायफायवर नको.

आणि कॅबिनेट उघडून पंख्यावरची धूळ काढा हो! प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो. पहिली पंधरा मिनिटं झकास आणि मग घसरण, असं होत असेल तर आधी उष्णतेवर संशय घ्यावा.

पुस्तकवेडी

काका लोक, मी अगदी वेगळं बोलते. संगणकच कशाला? आजच्या साध्या फोनमध्येही व्हिडिओ दाबायची वेगळी सोय चिपमध्येच असते. स्टँडवर फोन लावा, चार्जर लावा, यूट्यूबच्या ॲपवरून लाइव्ह जा. चॅनेलला 50 सबस्क्रायबर लागतात, वाचनालयाला ते अवघड नाही. पुस्तकांचे पैसेही वाचले, नवा संगणकही नको. आमच्या कॉलेजात गेल्या स्नेहसंमेलनाला हेच केलं.

कृष्णाकाठ, सांगली

ताई, स्नेहसंमेलनाला चालतं ते दोन तासांच्या व्याख्यानाला चालेलच असं नाही. सभागृहातल्या मिक्सरचा आवाज फोनमध्ये थेट घ्यायला वेगळी जोडणी लागते. नाहीतर पंख्याचा आणि खुर्च्यांचाच आवाज जास्त येतो. वक्ता चित्रं दाखवणार असेल तर ती मध्ये आणता येत नाहीत. फोन तापतो, मंद पडतो. पण अडीअडचणीला राखीव म्हणून फोन तयार ठेवावा, हे पटलं.

हरिपूरकर, तुमचा सुरक्षेचा मुद्दा गंभीर आहे आणि मी तो बाजूला सारत नाही. पण त्याचं उत्तर नवं यंत्र हेच का? नोंदवही त्या संगणकावरून आजच हलवता येते. प्रक्षेपणाला लॉगिन लागतच नाही, ओबीएसमध्ये नुसती स्ट्रीम की, म्हणजे चॅनेलची गुप्त खूण, टाकली की झालं. खातं दुसरीकडं, दोन टप्प्यांच्या पडताळणीसह ठेवता येतं. त्या यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकलं तर सुरक्षेचे अपडेटही मिळत राहतात आणि ओबीएस तिथंही चालतं. वेळेचं म्हणाल तर ही सेटिंग एकदाच करायची आहे. प्रोफाईल जतन करा, कागदावर लिहून भिंतीला लावा, मग नवखं पोरगंही बटण दाबेल.

तंबोरा_मिरज

तुम्ही सगळे चित्राबद्दल बोलताय, मी आवाजाबद्दल बोलते. मिरजेत मिरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला गाणं ऐकत वाढलेली आहे मी. चित्र थोडं थांबलं तर ऐकणारा सांभाळून घेतो, आवाज तुटला की तो उठून जातो. म्हणून जुन्या यंत्रावर ताण कमी करायचा तर चित्रातून करा, आवाजाला हात लावू नका. बोलण्याला 128 केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) भरपूर, गाण्याला 160 ठेवा. एकूण बिटरेटमध्ये त्यानं फारसा फरक पडत नाही.

ओबीएसमध्ये आवाज साफ करणारा आरएनएन-नॉइज फिल्टर असतो. तो प्रोसेसर खातो, स्पीक्स हा दुसरा फिल्टर त्यामानानं हलका. पण गाण्याला दोन्ही नकोत. हे फिल्टर माणसाचं बोलणं टिकवायला बनवलेत. तंबोऱ्याचा अखंड नाद त्यांना गोंगाट वाटतो आणि ते तो पुसून टाकतात. एका बैठकीचं चित्रण ऐकलं, त्यात गायकाच्या मागची जवारीच गायब. मनाला फार लागलं. त्यापेक्षा माइक जवळ ठेवा आणि सभागृहातले पंखे हळू करा.

हिशेबनीस

मी खर्चाच्या बाजूनं बोलतो. कृष्णाकाठांची तिसरी ओळ, नेटवर्कची, तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. 720 ला 2500 केबीपीएस धरला तर तासाला साधारण 1.1 जीबी वर जातो. डेटा ही अडचण नाही, अपलोडचा स्थिर वेग ही अडचण आहे. लोक वेग तपासतात तो दुपारी, आणि तोसुद्धा डाउनलोडचा. तपासा संध्याकाळी, व्याख्यानाच्या वेळेला, अपलोडचा. जो आकडा येईल त्याच्या सत्तर टक्क्यांच्या आतच बिटरेट ठेवा. श्रोते वाचनालयाच्या वायफायवर असतील तर त्या वेळेपुरता पासवर्ड बदला. आणि संगणकाला राउटरपासून केबल टाका. मधे भिंती असल्या की वायफायचा भरवसा नाही. गुऱ्हाळात नवा घाणा बसवला, पण गूळ न्यायचा रस्ताच बैलगाडीपुरता असेल, तर ढेपा आवारातच पडून राहणार. माझं मत: आधी केबल, मग बाकीचं.

हरिपूरकर

केबलला माझा विरोध नाही. पण कृष्णाकाठ, तुम्ही लिनक्स, प्रोफाईल, भिंतीवरचा कागद, धूळ, बायॉस अशी यादी वाढवत चालला आहात. हे सगळं करणारा माणूस कोण? तुम्ही. उद्या तुम्ही परगावी असलात तर? सार्वजनिक संस्थेतल्या यंत्राची खोड एकाच माणसाला माहीत असून चालत नाही. अगदी नवंकोरं घ्या असंही मी म्हणत नाही. कंपन्या बदलून टाकतात ते आठव्या-नवव्या पिढीचे वापरलेले डेस्कटॉप मिळतात. विंडोज 11 चालतं, क्विक सिंक बरंच सुधारलेलं, यूएसबी 3.0 असतं, कॅप्चर कार्डही त्याच जोडणीचं घेतलं तर वायरमनांनी सांगितलेली दुप्पट मेहनतही टळते. पुस्तकांच्या पैशाला फार धक्का लागणार नाही. हा पर्याय तुम्ही विचारातच घेत नाही याचं मला वाईट वाटतं.

कृष्णाकाठ, सांगली

घेतो ना. पण तो पर्याय कार्यकारिणीपुढं आकड्यांसह यावा, एवढाच माझा हट्ट आहे. या शनिवारी सभागृहात कुणी नसताना अनलिस्टेड, म्हणजे फक्त लिंक असलेल्यालाच दिसणारं, प्रक्षेपण लावतो, पूर्ण दोन तास, संध्याकाळच्याच वेळेला. आधी आहे तसं. मग केबल टाकून, धूळ काढून, तिन्ही ठिकाणी 720 करून. दोन्ही वेळच्या स्टॅट्सच्या खिडकीचे फोटो इथं टाकतो. दुसऱ्या खेपेलाही एन्कोडिंगच्या फ्रेम गळत राहिल्या तर वापरलेल्या डेस्कटॉपचा ठराव मी स्वतः मांडतो. गळणं फक्त नेटवर्कचं निघालं तर पैसे पुस्तकांनाच जातील.

हरिपूरकर

ठीक. पण त्या दोन तासांत सेटिंगला तुम्ही हात लावायचा नाही. पुस्तकवेडीला बसवा, तिला जमलं तर मी मानेन. आणि 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन आहे. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये याच गावात सीता स्वयंवर केलं, त्यावरचं व्याख्यान बाहेरगावचे लोक आवर्जून बघतात. त्या दिवशी प्रयोग नकोत. तेवढ्यापुरता माझा लॅपटॉप आणतो.

पुस्तकवेडी

मी येते शनिवारी. फक्त स्ट्रीम की कुठं टाकायची ते आधी लिहून ठेवा, आणि राखीव फोन माझाच लावू.