मदत हवी आहे : रेवदंड्याच्या पणजीचं जन्मसाल कसं शोधावं?

नमस्कार मंडळी. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. माझी पणजी मूळची रेवदंड्याची, साठच्या दशकात मुलांना घेऊन इस्राएलला गेली आणि शेवटपर्यंत दिमोनात राहिली. नुकतीच वारली. घरातले म्हणतात शंभरी कधीच ओलांडली होती. तिकडच्या कागदांवर मात्र जन्मतारीख १ जानेवारी आणि वय बरंच कमी, म्हणजे कुणीतरी अंदाजाने टाकलेली दिसते. ती स्वतः सांगायची, "होळीनंतर, आंबे उतरायच्या आधी." घ्या आता!

तिच्यावर घरगुती पुस्तिका काढतोय. मलिद्याचे (आमच्याकडच्या नैवेद्याचे) पोहे, नारळ, गूळ कसे कालवायचे ते तिच्याच आवाजात कॅसेटवर आहे. तिकडच्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या लग्नांवर शंका घेतली होती, त्याविरुद्ध जेरुसलेमला झालेल्या धरण्यात ती बसली होती. १९६४ मध्ये मान्यता मिळाली, तरी त्या अपमानाचा विषय निघाला की ती अस्सल आगरी शिव्या द्यायची. (त्या पुस्तिकेत घ्याव्यात की नाही, यावर घरात दोन तट आहेत.)

अडलंय ते जन्मसालाशी. तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या जुन्या जन्मनोंदी आता कुठे बघायला मिळतात, ग्रामपंचायतीत की अलिबागला तहसीलमध्ये? त्या मोडीत असतील का? ती मराठी शाळेत दुसरीपर्यंत शिकली होती, तर शाळेचं जुनं जनरल रजिस्टर पणतवाला दाखवतात का? नात्याचा पुरावा काय लागतो? चौल-रेवदंड्याकडचं कुणी असेल तर प्लीज सांगा. मोडी वाचणारे असतील तर तेही.